माणसावर अजून तपासलेलं नाही

उज्वलाताई कॅन्सरवरचं औषध शोधते. असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, सापडलं का? हा प्रश्न तिला इतक्यांदा विचारला गेलाय की ती आता फक्त मान हलवते. मान कुठल्या बाजूला हलली हे समोरचा माणूस आपल्या सोयीनं ठरवतो.

आमची ओळख नांदेडला झाली. विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी भाड्यानं राहायचो. मी मराठीत एम.ए. करत होते. ती पीएच.डी. करून, हैदराबादच्या एका संस्थेत काही वर्षं काढून परत आली होती. माझ्याहून बरीच मोठी. मला ‘मने’ म्हणायची. भात कुकरला लावून विसरायची आणि प्रयोगशाळेत निघून जायची. शिट्ट्या मी मोजायचे.

ती जळकोटजवळच्या एका गावातली. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरं लग्न करून लातूर गाठलं. चुलतीनं तिला वाढवलं. चुलतीचं नाव रत्नम्मा. माहेर कर्नाटकातलं, म्हणून घरात तिला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वाला स्वतःचं मूल नव्हतं. चुलते रेवणप्पा, ते आप्पा. घरची शेती, दोन म्हशी, आणि मागं डोंगर. डोंगरावर सीताफळाची झाडं कुणी न लावता वाढलेली.

डोक्यात उवा झाल्या की अव्वा सीताफळाच्या वाळलेल्या बिया वाटायची, तेलात कालवायची आणि पोरीच्या केसांना चोळायची. आधी डोळ्यांवर ओलं फडकं घट्ट बांधायची. ते डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाते, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. फडक्याच्या आत अंधारात बसून पोर विचारायची, ‘अव्वा, उवा मरतेत तर मी काहून मरत न्हाई?’

अव्वा म्हणायची, ‘तू मोठी हाईस म्हणून. गप बस.’

उदगीरला बी.एस्सी., नांदेडला एम.एस्सी., आणि मग हाच विषय. बियांत असं काय आहे की ज्यानं जीव मरतो, आणि ते कॅन्सरच्या पेशीला मारेल का. तिनं मला एकदा प्रयोगशाळा दाखवली होती. बियांचा अर्क काढायचा. त्या अर्काचे भाग करायचे. प्रत्येक भाग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर घालून बघायचा. ज्या भागानं पेशी मरतात त्याचे पुन्हा भाग. असं करत करत एक पांढरी पूड उरली. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी त्या पुडीनं भराभर मरायच्या.

‘मग झालं की,’ मी म्हणाले होते.

‘चांगल्या पेशी पण मरतात ना. मारणं सोपं आहे, मने. ॲसिड टाकलं तरी मरतात.’

हैदराबादला तिनं ती पूड उंदरांना दिली. गाठी कमी झाल्या. काही उंदीर खंगले, काही मेले. तिनं जसंच्या तसं लिहिलं. तेव्हापासून ती त्या रेणूचा विषारी भाग कमी करायच्या मागं आहे. एक टोक बदलायचं, बघायचं, फसायचं. वीज गेली आणि जनरेटर वेळेवर लागला नाही की इन्क्युबेटरमधल्या पेशी जातात. मग पुन्हा पहिल्यापासून. तिची लग्नाची बोलणी याच दिवसांत दोनदा आली आणि गेली.

रविवारी मात्र ती गावं फिरायची. मीही जायचे. आमच्याकडं बायका तव्यावर तंबाखू जाळतात, तिची काळी पूड करतात आणि सकाळी दातांना लावतात. ती मिश्री. सकाळी सुरू होते आणि दिवसभर सुटत नाही. उज्वलाताई शाळेच्या व्हरांड्यात बायकांना बसवायची, प्रत्येकीचं तोंड उघडून गाल आतून बघायची. पांढरा चट्टा दिसला की दवाखान्यात पाठवायची. मी टॉर्च धरायचे.

‘औषध शोधण्यात माझा जन्म जाईल,’ ती म्हणायची. ‘ही मिश्री सुटली तर औषध लागणारच नाही. पण ती कोण सोडायलंय.’

तिचा शोधनिबंध छापून आला त्या वर्षी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी आली. सीताफळाच्या बियांत कॅन्सरवर औषध, जळकोटच्या लेकीचा शोध. आत चार ओळींखाली ‘प्राथमिक संशोधन’ असे शब्द होते. ते कुणी वाचले नसावेत. गावानं मे महिन्यात सत्कार ठेवला.

मी तिच्याबरोबर गेले होते. वेशीवर फ्लेक्स होता. त्यावर तिचा जुना फोटो, मागं सूक्ष्मदर्शक, आणि कडेला सीताफळ. मारुतीच्या देवळासमोर मंडप टाकलेला. नागप्पा नावाचे सरपंच माईक सोडत नव्हते. त्यांच्या भाषणात कॅन्सर तीनदा हरला. मग शाल, श्रीफळ, फेटा. फेटा तिच्या कानांवर आला.

ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘हे औषध नाही. काचेच्या बशीत पेशी मेल्या, एवढंच झालंय. उंदरांवर थोडा गुण दिसला, पण काही उंदीर मेले. माणसावर अजून तपासलेलं नाही. कुणीही बिया खाऊ नका. तोंडात जखम असली तर दवाखान्यात जा.’

जोरात टाळ्या पडल्या.

नागप्पांनी माईक परत घेतला. ‘बघा, एवढी शिकली पर गर्व न्हाई पोरीला. औषध काढून म्हणायली, मी काहीच केलं न्हाई.’

पुढच्या ओळीतले एक म्हातारे उठले. ‘पर उज्वला, माणसावर कवा तपासतेत मग?’

‘वेळ लागतो, तात्या. सरकारची परवानगी लागते. मग एखादा माणूस सगळं समजून स्वतःहून तयार व्हावा लागतो.’

‘आन् न्हाई झाला तयार कुणी?’

‘मग औषध तिथंच थांबतं.’

‘नागप्पाला घेऊन जा की,’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘त्याला काई होत न्हाई. दोनदा इलेक्शनला पडला तरी हाय तसाच हाय.’

मंडप हसला. नागप्पाही हसले. बायकांच्या बाजूला खांबाजवळ अव्वा उभी होती. ती हसत नव्हती. मला वाटलं, पोरीचं कौतुक बघून तिला भरून आलंय.

दुपारी तिथंच तोंडतपासणीचं शिबिर झालं. बायका लाजत होत्या, पदर सोडत नव्हत्या. चांदबी नावाची बांगड्या विकणारी बाई आली होती. ती म्हणाली, ‘ही तोंड उघड म्हणायली. घरचे तोंड बंद ठेव म्हणतेत. ऐकावं कुणाचं?’ मग तिनंच सगळ्यांत आधी आ केला. तिच्यामागं बाकीच्या आल्या.

अव्वा आली नाही. पाहुण्यांचा चहा तिच्याकडं होता. उज्वलाताईनं दोन वेळा हाक मारली.

‘घरच्या माणसाचं काय बघायचं,’ अव्वा म्हणाली. ‘आधी लोकाचं बघ.’

आमच्याकडं असंच असतं. घरची बाई सगळ्यांनंतर जेवते, सगळ्यांनंतर झोपते. तपासणीलाही ती शेवटी. शेवट येईपर्यंत आमची बस आली.

दसऱ्याला उज्वलाताई एक दिवस गावी जाऊन आली. अव्वाची दाढ दुखत होती, म्हणून ती पदर गालावर धरून बसली होती, असं तिनं मला सांगितलं. उदगीरला दातांच्या डॉक्टरकडं न्यायचं तिनं आप्पांना बजावलं होतं. आप्पा हो म्हणाले होते. अव्वानं दाढ दुखायची राहिली म्हणून फोनवर कळवलं.

मग वेळ अमावस्या आली. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, लक्ष्मीची पूजा करायची, आणि येईल त्याला जेवू घालायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मी पाहुणी म्हणून गेले. अव्वा मला ओळखून हसली, पण तोंड मिटूनच. ती खूप वाळली होती.

तिनं सगळ्यांना वाढलं. आप्पा म्हणाले, ‘आता तू बस.’ ती बसली. ताटात काही घेतलं नाही, नुसती आंबील. पहिला घोट घेतला आणि तिचे डोळे गच्च मिटले. आंबट ताक होतं ते. तिनं मान खाली घातली आणि घोट तसाच गिळला.

उज्वलाताई समोर बसली होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

‘अव्वा, इकडं ये.’

‘जेव आधी.’

‘ये म्हणते ना.’

कोपीच्या मागं, ज्वारीच्या कडेला तिनं अव्वाला उन्हाकडं तोंड करून उभं केलं. मी जवळ गेले, सवयीनं. अव्वानं तोंड उघडलं. पूर्ण उघडत नव्हतं. दोन बोटंही आत जाणार नाहीत एवढंच. तरी दिसायचं ते दिसलं. मी शिबिरांतून बरीच तोंडं पाहिली होती. असलं पाहिलं नव्हतं. वास आला.

उज्वलाताईनं तिच्या गळ्याला बाजूनं हात लावला. तिथं गाठ होती.

‘कवापासनं हाय हे?’

‘तुझ्या सत्काराच्या आधीपासनं. तवा बारकं व्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढं.’

‘सांगितलं काहून न्हाई?’

‘औषध चालूच हाय की.’

‘कसलं औषध?’

अव्वा तिच्याकडं बघत राहिली. पोर चेष्टा करते आहे असं तिला वाटलं असावं. ‘तुझंच. बियांची पूड. रोज सकाळी गुळात घालून खायले. आधी उलट्या व्हायच्या. आता राहतंय पोटात.’

कोपीपलीकडं कुणीतरी अजून भज्जी मागत होतं.

‘मी नको म्हणले होते,’ उज्वलाताई शेवटी म्हणाली. ‘माईकवर म्हणले होते, अव्वा.’

‘ते लोकाला म्हणलीस. मी ऐकलं सगळं. माणूस पाहिजे म्हणलीस. समजून तयार झालेला. न्हाई झालं कुणी तर औषध तिथंच थांबतं म्हणलीस.’ एवढं बोलून ती थांबली. बोलताना तिला दुखत होतं. ‘तू इतकी वर्षं घातलीस. मला तर जखम व्हतीच. दुसरं कोण तयार होणार व्हतं? तो नागप्पा?’

मग ती थोडी खूश होऊन म्हणाली, ‘मिसरी बी सोडली मी. त्याच दिवशी. तपासणीत घोळ नको म्हणून.’

उज्वलाताई ज्वारीत खाली बसली.

लातूरला दाखवलं. मग नांदेडला, कारण उज्वलाताई तिथं राहते. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी साधारण एकच सांगितलं. मे महिन्यात आली असती तर एक लहान ऑपरेशन पुरलं असतं. गालाचा तेवढा तुकडा काढला असता आणि ती घरी गेली असती. आता जबडा, जीभ आणि मान. त्यात मूत्रपिंडं बिघडलेली. नेहमीची कॅन्सरची औषधं ती सोसणार नाहीत, भूल देणंही धोक्याचं.

‘मूत्रपिंडं बियांनी गेली का?’ उज्वलाताईनं विचारलं.

‘तुम्हीच सांगा,’ डॉक्टर म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ‘बियांनी असेल. वयानं असेल. दुखणं दाबायला खाल्लेल्या गोळ्यांनी असेल.’

दुखणं कमी व्हावं म्हणून शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. अव्वा आमच्या खोलीत राहायला आली. उज्वलाताईनं तिला समजावलं. रोज समजावलं. बियांत जे आहे ते फार थोडं आहे, त्यात विष जास्त आहे, त्यानं जखम बरी होत नाही. अव्वा ऐकून घ्यायची. ‘उंदराला किती दिस लागले व्हते?’ असं विचारायची. एकदा तिच्या कमरेच्या पिशवीत पूड सापडली. मिश्री ठेवायची तीच पिशवी. उज्वलाताईनं ती पूड मोरीत ओतली. अव्वा लहान पोरासारखी रडली. तिला राग आला नव्हता. तिला वाटलं, अर्ध्यात सोडल्यानं सगळी तपासणी वाया गेली.

त्या दिवशी मी उज्वलाताईला विचारलं, ‘हिनं जे केलं त्याचा काही उपयोग होईल का? तुझ्या कामाला?’

‘न्हाई.’

‘काहीच?’

‘एका माणसावरून काही सिद्ध होत न्हाई, मने. किती खाल्लं माहीत न्हाई, कुठल्या बिया माहीत न्हाई. बरी झाली असती तरी सिद्ध झालं नसतं.’ ती भांडी घासत होती. तेच पातेलं ती पुन्हा घासत होती. ‘हे मी तिला कसं सांगू?’

मी साहित्य शिकले आहे. मला निदान शब्द सुचायला हवे होते.

फेब्रुवारीत आप्पा गावाहून आले. ते खोलीवर आले नाहीत, ऑटो करून सरळ विद्यापीठात गेले. वॉचमनचा उज्वलाताईला फोन आला तेव्हा मी तिचा डबा द्यायला तिथंच आले होते. आप्पा धोतर सावरत प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. चप्पल त्यांनी बाहेर काढली होती, देवळाबाहेर काढावी तशी.

‘मी विचार केला,’ ते म्हणाले. ‘बिया म्हणजे कच्चा माल. उसात साखर हाय म्हणून ऊस खाऊन कुणी चहा गोड करत न्हाई. तुझ्याकडं काढलेलं हाय. ते दे.’

‘आप्पा, बसा.’

‘बसत न्हाई. गावात लोक काय म्हणायलेत ठाव हाय का तुला? म्हणायलेत, खरं औषध पोरीनं कंपनीला ठेवलंय. घरच्याला बिया खाऊ घातल्या. मी भांडलो त्यांच्याशी. म्हणलो, माझी पोर तसली न्हाई. आता तू दे.’

उज्वलाताईनं फ्रीझर उघडला. एक बोटभर नळी काढली. तिच्या बुडाला पांढरं काही चिकटलेलं होतं. चिमूटभरही नव्हतं.

आप्पांनी नळी उजेडात धरली. ‘एवढंच?’

‘इतक्या वर्षांचं एवढंच.’

‘एवढ्यानं होईल?’

‘आप्पा, हे दिलेले उंदीर खंगून मेले. हिची मूत्रपिंडं आधीच गेलीत. हे दिलं तर अव्वा कॅन्सरच्या आधी जाईल.’

‘जाऊ दे की.’ आप्पा हळू बोलले. ‘जायलीच हाय. तुझं औषध खाऊन गेली असं तरी व्हईल. तिला तेवढंच पाहिजे.’

उज्वलाताई उभी राहिली. तिच्यामागं इन्क्युबेटरचा आवाज येत होता. मला वाटलं ती देईल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं तिनं द्यावं.

तिनं आप्पांच्या हातातून नळी सोडवून घेतली. जोर लावावा लागला नाही. तिनं ती जागेवर ठेवली आणि दार लावलं. आप्पा चप्पल घालायला वाकले. चप्पल लवकर सापडेना, उजवी-डावी समोरच असून. उज्वलाताईनं खाली बसून त्यांच्या पायात ती घातली. त्यांना बसस्थानकावर मी सोडलं. उदगीरची गाडी लागलेली होती. ते चढले आणि खिडकीतून म्हणाले, ‘तिला सांग, मी रागावलो न्हाई.’ कुणाला सांगायचं ते विचारायचं राहिलं. मी दोघींनाही सांगितलं.

आता अव्वाचे शब्द फार कळत नाहीत. मला तर निम्मेही कळत नाहीत. उज्वलाताईला सगळे कळतात. काल दुपारी तिनं अव्वाचं तोंड पुसलं, खिडकीकडं वळवलं आणि आत बघितलं. हे ती रोज करते, कारण अव्वा रोज करायला लावते. आणि रोज एकच विचारते. उतरलं का?

रोज उज्वलाताई काहीतरी पुटपुटायची. बघू. वेळ लागतो. शेक चालू आहे ना. तिला खोटं सांगता येत नाही. खरंही सांगवत नव्हतं.

काल ती म्हणाली, ‘न्हाई, अव्वा. वाढलंय.’

अव्वा तिच्याकडं बघत राहिली. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. मला वाटलं, आता ती कोसळेल. खाली एक भंगारवाला ओरडत चालला होता.

मग अव्वा काहीतरी बोलली. बरंच बोलली, थांबत थांबत. उज्वलाताई कान जवळ नेऊन ऐकत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

‘काय म्हणाल्या?’ मी विचारलं.

‘म्हणायली, मग हे चालत न्हाई. कळलं ते बरं झालं. दुसरं काढ म्हणायली.’ ती थांबली. ‘मी हाय तवर लवकर घेऊन ये म्हणायली.’

अव्वा उत्तराची वाट बघत होती.

‘हाव, आणते,’ उज्वलाताई म्हणाली.

दुसरं काहीच तयार नव्हतं.